पोळ्यापर्यंतची मुदत

आमच्या घरच्या कुत्र्याचं नाव डाकू होतं, आणि ते ज्यानं ठेवलं त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दौलत माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आम्ही त्याला काकाजी म्हणायचो, पण इथं मी त्याला अहोजाहो करणार नाही. तो हयात होता तोवर पुष्कळ केलं. अंगापिंडानं धडधाकट, बोलण्यात सगळ्यांच्या पुढं आणि कामात सगळ्यांच्या मागं. एकदा तो बैलबंडी घेऊन नाकाडोंगरीकडे लाकडं आणायला गेला आणि येताना धोतराच्या ओच्यात हे पिल्लू घेऊन आला. तांबूस रंगाचं, गोल पोटाचं, माणसाचं बोट दिसलं की चोखायला धावणारं. माझ्या आईला आम्ही माय म्हणायचो. तिनं वाटीत दूध आणलं तर काका म्हणाला, "दूध नोको देऊ वहिनी. दुधानं कुत्रा भेकड होते." मग नाव काय ठेवायचं यावर ओट्यावर बसलेल्या चार माणसांनी बराच वेळ डोकं लढवलं आणि शेवटी डाकू हे नाव पक्कं झालं. ज्याचं नावच डाकू ठेवलं त्यानं पुढं संतासारखं वागावं, अशी या मंडळींची अपेक्षा होती.

आमचं घर करडीला, गावातून तलावाकडे जाणाऱ्या वाटेला लागून. घरासमोर ओटा, ओट्याला लाकडी खांब, आणि त्यातल्या कडेच्या खांबाला डाकू बांधलेला. पिल्लू चार महिन्यांचं झालं तशी काकानं त्याची शाळा सुरू केली. लाल मिरच्या आणि लसूण पाट्यावर वाटायच्या, त्याचा गोळा भाकरीच्या तुकड्यात दडपायचा आणि तो त्याला चारायचा. बिचारं खायचं, मग तोंड जमिनीला घासत गोल गोल फिरायचं, आणि ओट्यावरचे लोक पोट धरून हसायचे. दुसरा धडा म्हणजे दिवसभर बांधून ठेवणं. दिवसा बांधला की कुत्रा तापतो, आणि तापलेला कुत्रा खळ्यावरच्या धानाची राखण करतो, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. तिसरा धडा छू. कोणीही वाटेनं गेलं की काका जीभ दाताला लावून छू करायचा, आणि डाकू दोर ताणून अंगावर जायचा. सायकलवाला दचकला, बांगड्यावाली टोपली टाकून पळाली, की आमच्या बाबांची छाती फुगायची. "गावात दुसरा असा कुत्रा नाई," ते येईल त्याला सांगायचे.

त्या वाटेनं रोज सकाळी गावची ढोरं जायची. आमच्या गावात आखर म्हणजे तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बांधाखालची, मोकळी जागा. तिथं सगळ्यांची जनावरं गोळा व्हायची आणि डोमा ढोरकी ती रानात चारायला न्यायचा. दिवस कलला की तीच ढोरं परत यायची, गळ्यातल्या लाकडी घंटा टोकटोक वाजवत, धुळीचा आणि शेणाचा वास घेऊन. मला तो आवाज फार आवडायचा. चुलीवर लाखोळीची डाळ रटरटत असायची, माय तांदूळ निवडत असायची, आणि लांबून घंटा ऐकू आल्या की दिवस उलगडल्यासारखा वाटायचा. डाकूला मात्र त्या आवाजानं वेड लागायचं. कान टवकारायचे, मानेवरचे केस उभे राहायचे, आणि मग दोर तुटेस्तोवर उड्या. तोंडाला फेस यायचा. ज्या प्राण्याच्या नाकापुढून दिवसातून दोनदा शंभरेक जनावरं जातात, ज्याला जागचं हलता येत नाही आणि ज्याच्या पोटात मिरच्या पेटलेल्या आहेत, त्यानं नेमकं काय करावं असं या लोकांना वाटत होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता मायबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एक म्हैस होती, लाथाडी. बाबा धार काढायला बसले तर ती भांडं उडवायची, काका तर गोठ्यात शिरलेला तिला खपायचा नाही. मायला ती दूध द्यायची. मी लहानपणापासून पाहत आले होते, पण पाहणं आणि कळणं वेगळं. माय धारेला जायच्या आधी रांजणातल्या पाण्यानं हातपाय धुवायची. घरात काही बोलाचाली झाली असली तर एक चक्कर परसात मारून यायची. मग म्हशीजवळ उकिडवी बसायची आणि काहीच करायची नाही. म्हैस पाय उचलायची, माय उठून चार पावलं लांब जायची. पुन्हा येऊन बसायची. म्हशीचे कान सैल झाले, तोंड रवंथाला लागलं, की मगच कासेला हात. बाबा चिडून म्हणायचे, "एवढा टाइम लागते का धारेले?" माय म्हणायची, "मले नाई लागत. तिले लागते."

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, सगळी माणसं धानाच्या बांधीत पऱ्ह्याची रोपं लावायला वाकलेली. घरी मी, काका आणि ओट्यावर काकाचे दोघे दोस्त. परतीची ढोरं आली, डाकूनं उडी घेतली, आणि पावसानं कुजलेला दोर तुटला. मी स्वयंपाकघरातून धावत आले तोवर तो ढोरांत शिरला होता. गाई चौफेर उधळल्या. शेजारच्या श्रावणजींची कालवड पाळीवरून घसरून चिखलात गेली. डोमा काठी आडवी धरून ढोरं आवरायला पुढं झाला तर एका बैलाच्या धक्क्यानं तो दगडांवर आपटला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ओरडला नाही तो, नुसता कण्हला. डाकूला मी मानेच्या कातडीला धरून ओढत आणलं. तो थरथरत होता. काका ओट्यावर उभा होता आणि म्हणत होता, "मी सांगून राहिलो होतो का नाई, दोर बदला म्हनून?" त्यानं कोणालाही काहीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रावणजी आले. आमच्या शेजारचे शेतकरी, गावात ज्यांचा शब्द चालायचा अशा मोजक्या लोकांतले एक. कालवड वाचली होती, पण ते रागात होते आणि त्यांचा राग रास्त होता. ते बाबांना म्हणाले, "ताराचंद, पोळ्याले गावचे बैल दारोदारी पूजेले येतात. तुह्या दारात कसे आनाचे मंग? पोळ्याच्या आधी याची काही सोय लाव." सोय म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. काका लगेच म्हणाला, "कुचला हाये न माह्याजवळ. दोन बिया घासून पोळीत देल्या का झालं." कुचल्याची झाडं आमच्या जंगलात ठिकठिकाणी; त्याच्या चपट्या बिया विषारी, आणि नकोशा कुत्र्यांना त्या चारायची रीतच होती. ज्या हातानं मिरची चारली त्याच हातानं कुचला चारायला तो असा सहज तयार झाला, जणू गोठा झाडायचा होता. बाबा मान खाली घालून बसले. कालपर्यंत ज्या कुत्र्यापायी त्यांची छाती फुगत होती त्याच्यासाठी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

मी दाराआडून बाहेर आले. मोठ्या माणसांत पोरीनं बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं, तरी बोलले. "पोळ्यापर्यंत थांबा. मी लावीन त्याले वळन." काका हसला. श्रावणजी हसले नाहीत. ते म्हणाले, "ठीक हाये पोरी. पोळ्याले तो दारात बैलं पाहून गप राहिला तर राहू दे. नाई राहिला तर पुन्हा बोलाचं नाई." रोवणा चालू होता आणि पोळा श्रावणाच्या अमावास्येला. माझ्या हाताशी जेमतेम सहा आठवडे होते.

त्याच संध्याकाळी मायनं मला गडूभर दूध देऊन डोमाकडे पाठवलं. आमच्या घरातून त्याची विचारपूस करायला एकही पुरुष गेला नव्हता. डोमा दारात बसला होता, मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्यानं दुधाकडे पाहिलंच नाही. "कुत्रा तुमी पाळता, आन् हात आमचा मोडते," तो म्हणाला. मी गडू खाली ठेवला. खरंच होतं ते. मग तो म्हणाला, "तुह्या काकाले इचार, रोज माही ढोरं दिसली का छू कोन करते. मी पळतो न, तर त्याइले मजा वाटते. कालबी छू केलं त्यानं, दोर तुटाच्या आधी." मी घरी आले आणि मायला सगळं सांगितलं. "सध्या बोलू नोको," ती म्हणाली. "आता बोलली तर कुत्रा उद्याच मरते." म्हणून मी ते गिळलं. सहा आठवडे रोज दोन वेळा काकाला जेवण मीच वाढत होते.

पहिले दहा दिवस मी सगळं चुकीचं केलं, हेही लिहायला हवं. मिरच्या बंद केल्या, गळ्यातला काचणारा फास काढला, नवा दोर आणला, तेवढं बरं केलं. पण घंटा वाजल्या की मी दोर हाताला तीन वेढे देऊन गच्च धरायची आणि "गप, गप" म्हणून ओरडायची. तो जास्तच भुंकायचा. मी आणखी जोरात ओरडायची. एके दिवशी ओट्यावरचा कोणीतरी म्हणाला, "मास्तरीनबाई, शिकला का नाई शिष्य?" सगळे हसले, आणि मी बैल हाकायची तुतारी, म्हणजे काठी, उचलून डाकूच्या पाठीवर दोन हाणल्या. तो जमिनीला चिकटला. नंतर चार दिवस त्यानं माझ्या हातचं खाल्लं नाही. मी जवळ गेले की मान फिरवायचा. ज्यांच्यावर राग होता ते ओट्यावर मजेत बसले होते आणि मार खाल्ला कुत्र्यानं. काकानं जे केलं तेच मी केलं होतं, हे मला त्या चार दिवसांत लख्ख कळलं. आज सत्तरीच्या घरात आले, पण त्या दोन फटक्यांची आठवण झाली की मी माझ्याशीच नीट बोलत नाही.

पाचव्या दिवशी माय दारातून पाहत होती. घंटा ऐकू आल्या, डाकू उठला, मी दोर आवळला. माय जवळ आली आणि म्हणाली, "पुष्पे, घंटा वाजली का आधी तू आकडते. मंग थो आकडते. त्याले वाटते, हे भेली म्हंजे कायतरी वंगाळच येऊन राहिलं." मी म्हटलं, "मंग काय करू?" ती म्हणाली, "तुह्या हातात काय हाये थे आधी पाह्य." मी हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

मायनं सांगितलं तेवढंच. उरलेलं मी तिची धार काढायची रीत आठवून आठवून शोधलं. डाकूला घेऊन मी तलावाच्या पलीकडच्या पाळीवर जाऊ लागले, मोहाच्या झाडाखाली. तिथून ढोरं अगदी लहान दिसायची आणि घंटांचा आवाज पुसट यायचा. डाकूचे कान उभे राहायचे, पण भुंकणं तोंडापर्यंत यायचं नाही. तेवढ्यात मी भाताच्या भांड्याच्या तळाला लागलेली खरपुडी त्याच्यापुढं टाकायची. खरपुडी मला स्वतःला फार प्रिय, मिठासोबत. त्या पावसाळ्यात एकही माझ्या वाट्याला आली नाही. दोर मी मांडीवर सैल टाकून ठेवायची आणि मुद्दाम दुसरीकडे पाहायची. पुस्तक घेऊन बसायची, इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायची. तो गप्प राहिला की दुसऱ्या दिवशी दहा पावलं जवळ. बिथरला की ओरडायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं उठून लांब जायचं आणि पुन्हा बसायचं. कधी आठवडाभरात जितके जवळ आलो तितके एका दिवसात मागं जायचो. मला रडू यायचं. घरी काही भांडण झालेलं असलं, काका काही लागट बोललेला असला, तर मी त्या दिवशी जायचीच नाही, कारण तो राग माझ्या चालण्यातसुद्धा असायचा आणि डाकू तो ओळखायचा. मग मी मायसारखी परसात चक्कर मारायला शिकले. हे कुत्र्याचं शिक्षण कमी आणि माझंच जास्त होतं.

आता मी भंडाऱ्याला लेकाजवळ राहते. आमच्या वरच्या मजल्यावर एका जोडप्यानं भलामोठा, महागडा कुत्रा आणला आहे. लिफ्टचं दार उघडलं की तो अंगावर येतो, आणि बाई त्याला खेचत किंचाळतात. त्यांनी शिकवायला माणूस लावला, गळ्यात झटका देणारा पट्टा बांधला. मी एकदा म्हटलं, बाई, तुम्ही आधी खांदे सैल सोडा. त्या म्हणाल्या, "आजी, प्रॉब्लेम कुत्र्याचा आहे." माझं डोकंच फिरलं. पन्नास वर्षांत कुत्र्यांची नावं बदलली, पट्टे बदलले, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहायला कोणी तयार नाही.

रोवणा संपला, बांध्या हिरव्या झाल्या, आणि आम्ही पलीकडच्या पाळीवरून अलीकडच्या पाळीवर, तिथून वाटेच्या कडेला, तिथून आमच्या कुंपणाजवळ आलो. ओट्यावर मात्र मी त्याला नेत नव्हते, कारण तिथं काका होता. डोमाच्या जागी त्याचा भाऊ ढोरं नेत होता, तो एकदा मला म्हणाला, "आता गप राह्यते व तुहा कुत्रा." त्या एका वाक्यावर मी आठ दिवस काढले.

पोळ्याच्या दिवशी मायनं पहाटेपासून पुरण शिजवायला टाकलं होतं. वडे तळल्याचा वास वाटेपर्यंत येत होता. आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली गावचे सगळे बैल रांगेत उभे, शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बेगडाचे गोंडे. ढोल वाजत होते. तोरण तुटलं आणि बैल जोडी-जोडीनं घरोघरी निघाले. मी नवं परकर-पोलकं घालून दाराच्या डाव्या बाजूला उभी राहिले, डाकू माझ्या पायाशी बसलेला, दोर माझ्या तळहातावर नुसता ठेवलेला. ओट्यावर बाबा, काका, त्याचे दोस्त आणि दुसऱ्या गावचे दोन पाहुणे. पहिली जोडी श्रावणजींची. मायनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी चारली. डाकूच्या अंगातून कापरं गेलं, त्यानं जीभ नाकावरून फिरवली, पण उठला नाही. दुसरी जोडी आली, गेली. तिसरी, चौथी. गावातली माणसं थांबून पाहायला लागली. श्रावणजी आपले बैल घेऊन पुढं जायचे सोडून वळणावरच उभे राहिले. हात बांधलेला डोमाही गर्दीत होता.

तेव्हा काका पाहुण्यांना म्हणाला, "पाहू द्या बरं, शिकला का नुसता मेला हाये." आणि त्यानं जिभेनं छू केलं.

डाकू अर्धा उठला. त्यानं काकाकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी श्वास सोडला. तो खाली बसला. काकानं पुन्हा छू केलं, या वेळी मोठ्यानं, आणि दोस्त हसले. मी ज्या गोष्टीसाठी सहा आठवडे चिखलात बसले होते, ज्यात एका मुक्या जिवाचं मरण की जगणं ठरणार होतं, ती या माणसाला पाहुण्यांपुढचा खेळ वाटत होती. माझ्या डोक्यात रक्त चढलं. ते खाली हातात उतरतंय हे मला स्पष्ट जाणवलं, आणि हातातून ते कुठं जाणार हेही. राग आवरणं शक्य नव्हतं. म्हणून मी दोर जमिनीवर ठेवला, डाकूला तिथंच सोडलं आणि त्याच्यापासून दूर, थेट ओट्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काकाजी, डोमाबाचा हात कुत्र्यानं नाई मोडला. तुमी मोडला," मी म्हटलं. "रोज छू कोन करत होतं? मिरच्या कोन चारत होतं? तुमाले माणूस पळताना पाहाची मजा वाटते. आन् मरावं मात्र कुत्र्यानं. बाबा, तुमी सारं पाहत होते. तुमाले लाज नाई वाटली का?" ढोल कोणीतरी थांबवला होता. आणखीही बोलले. सहा आठवड्यांचं सगळं बोलले. गर्दीत डोमा खाली जमिनीकडे पाहत होता, आणि त्याची मान होकारार्थी हलत होती.

बाबा ओट्यावरून उतरले आणि त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. पाहुण्यांपुढं, सगळ्या गावापुढं.

मागं डाकू उठला. मी वळून पाहिलं तर त्याच्या मानेवरचे सगळे केस उभे होते, दात दिसत होते, आणि तो बाबांकडे पाहत होता. दोर मोकळा. दोन झेपांचं अंतर. त्यानं झेप घेतली असती तर संध्याकाळ त्याला दिसली नसती. माझा गाल पेटला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या क्षणी मला रडायचीसुद्धा सोय नव्हती. मी खांदे खाली सोडले. श्वास लांब बाहेर टाकला. बाबांकडे पाठ केली आणि नव्या परकरासकट तिथंच ओल्या मातीत खाली बसले, दुसरीकडे पाहत, काहीच झालं नसल्यासारखी. हे मी जन्मात केलेलं सगळ्यात कठीण काम. मला चार मुलं झाली, एक गेलं, तरी मी हेच म्हणेन. किती वेळ गेला ते माहीत नाही. मग माझ्या दंडाला ओलसर नाक लागलं आणि डाकू माझ्याजवळ येऊन बसला.

श्रावणजी गर्दीतून पुढं आले. ते बाबांना म्हणाले, "कुत्रा राहू दे ताराचंद. आपल्यापरीस शहाणा हाये." काकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मायनं तिथंच, सगळ्यांसमोर, काकापुढं हात पसरला. "द्या भाऊजी." त्यानं खिशातून कुचल्याची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. खिशातच होती. मायनं ती नेऊन उकिरड्यात खोल पुरली. काकाला त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तो वडे खायला बसला आणि चांगला दहा-बारा खाऊन उठला.

संध्याकाळी जेवताना बाबा गप्प होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. मी वाढत होते. आपल्या हातून काही चांगलं घडलं असं मला दिवसभरात पहिल्यांदा वाटत होतं. पान संपवून त्यांनी हात धुतले आणि मायला म्हणाले, "कुत्रा राहू दे. पन पोरीसाठी पाहाले लागतो आता. लय तोंड चालून राहिलं तिचं." माय म्हणाली, "मॅट्रिक होऊ द्या न." बाबा म्हणाले, "झाली तर झाली." काका कोपऱ्यातून म्हणाला, "माह्या नजरेत हाये एक." माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. छू करणाऱ्याला एक शब्द नाही, थोबाडीत मारणाऱ्याला एक शब्द नाही, आणि खरं बोलली तिला घराबाहेर काढायची तयारी त्याच ताटावर सुरू झाली. दुपारी सगळ्या गावापुढं बोललेली मी, त्या वेळी माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. इतकी वर्षं मी त्यासाठी स्वतःला दोष देत होते. आता देत नाही. दोष ज्यांचा त्यांचा.

मॅट्रिक झाले, चांगल्या मार्कांनी, पण निकाल लागला तेव्हा मी सासरी होते. वैशाखात माझं लग्न झालं. नवरा जवाहरनगरला फॅक्टरीत कामाला, क्वार्टर मिळालेलं, नळाचं पाणी, विजेचा दिवा. सगळे म्हणाले पोरीनं नशीब काढलं. माणूस वाईट नव्हता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. डाकू पुढं सहा वर्षं जगला, मायजवळ, न बांधलेला. ढोरं जाताना तो ओट्यावर झोपून राहायचा असं तिनं मला वेळोवेळी सांगितलं.

लग्न ठरलं त्या दिवशी मुलाकडची मंडळी ओट्यावर बसली होती. सासरे चांगल्या मनानं म्हणाले, "पोरीले काही इचाराचं असन तर इचारू द्या." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मग विचारलं, माझा कुत्रा मला सोबत आणता येईल का. त्यावर सगळे हसले. सासरे हसले, बाबा हसले, सगळ्यात मोठ्यानं काका हसला, आणि हसता हसता कोणीतरी माझ्या हातातला चहाचा ट्रे काढून घेतला आणि मला आत जायला सांगितलं.